तिकडचा रंग कोणता?

थोरली चार वर्षांची असताना तिने मला पहिल्यांदा हवामानात पकडलं. मे महिन्यात आम्ही जैसलमेरहून सुट्टीवर देवरुखला आलो होतो. आईने तिला स्टीलच्या पेल्यात फ्रीजमधलं गार कोकम सरबत दिलं. दोन मिनिटांत पेला बाहेरून ओलाचिंब. थोरलीने तो उलटासुलटा करून पाहिला (सरबत अर्थातच लादीवर) आणि जाहीर केलं की आजीचा पेला गळका आहे.

मी म्हटलं, आतलं सरबत कुठल्या रंगाचं? लाल. आणि बाहेरचे थेंब? तिने बोट लावलं, जिभेवर टेकवलं. पांढरे. आणि गोडपण नाहीत. मग हे पाणी आलं कुठून? तिने आधी आजीकडे पाहिलं, मग छताकडे. हवेत पाणी असतं, दिसत नाही, गार वस्तूला लागलं की दिसायला लागतं, एवढंच मी सांगितलं. तिला ते पटलं नाही. पटण्यासारखं नव्हतंच. न दिसणाऱ्या गोष्टीवर विश्वास ठेवायला सांगणारे मोठे लोक तिला नवीन नव्हते.

पटलं ते जैसलमेरला परत गेल्यावर. तसाच स्टीलचा पेला, तसंच फ्रीजमधलं पाणी, बाहेर ४५ अंश. पेला जवळजवळ कोरडाच राहिला. ती समोर मांडी घालून बराच वेळ बसली आणि म्हणाली, "इथल्या हवेतलं पाणी संपलंय." मी आजवर आर्द्रतेची याहून चांगली व्याख्या ऐकलेली नाही. त्यानंतर आमच्या घरात आर्द्रता मोजण्याचं एक अधिकृत एकक तयार झालं. धुतलेली चड्डी वाळायला किती वेळ लागतो? जैसलमेरला मे महिन्यात वीस मिनिटं. देवरुखला जुलैमध्ये तीन दिवस, तेही घरात दोरी बांधून, पंख्याखाली, आणि वाळल्यावरही कुबट वास उरतोच. कूलर वाळवंटात घर गार करतो आणि कोकणात नुसता चिकचिकाट करतो, याचंही कारण या एककाने तिला आपोआप कळलं. कोरडी हवा पाणी पिते आणि पिताना उष्णता घेऊन जाते. आधीच पोट भरलेली हवा काय पिणार?

मला स्वतःला हे सगळं इतक्या सरळपणे कुणी शिकवलं नव्हतं. एनडीएत तीन वर्षं खडकवासल्याच्या पावसात भिजलो, पण त्या पावसाबद्दल आम्हाला एकच गोष्ट पक्की माहीत होती, ती म्हणजे त्याच्यामुळे ड्रिल रद्द होत नाही. पुढे नोकरीत हवामान म्हणजे रोज सकाळी येणारा एक कागद. हेलिकॉप्टर उडेल की नाही, रस्ता उघडेल की नाही. का, हा प्रश्न विचारायला घरात लहान मूल लागतं.

जैसलमेरनंतर तेजपूर. थोरली सहा वर्षांची, धाकटा नुकताच चालायला लागलेला. तिथे आल्या आल्या आम्ही पर्जन्यमापक केला. प्लॅस्टिकची बाटली वरून कापायची, कापलेला भाग उलटा करून नरसाळ्यासारखा तिच्यातच बसवायचा, तळाशी वजनाला खडे घालायचे, खडे बुडेपर्यंत पाणी ओतून तिथे शून्याची खूण करायची आणि बाहेरून शाळेची पट्टी चिकटवायची. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक मीटर लांब, एक मीटर रुंद जमिनीवर एक लिटर पाणी, हे तिला अंगणात दुधाची एक लिटरची पिशवी दाखवून सांगितलं. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, देवरुखला तशीच बाटली तुळशीवृंदावनाशेजारी ठेवली आणि रोज संध्याकाळी फोनवर दोघांची आकड्यांची देवाणघेवाण सुरू झाली. जुलैत एका सकाळी आबांची बाटली भरून वाहून गेली होती. "आता काय लिहू?" त्यांनी तिला विचारलं. तिने निर्णय दिला, "लिहा, खूप. आणि उद्या मोठी बाटली ठेवा." आबा रिटायर्ड तहसील कारकून. आयुष्यभर पावसाचे आकडे वरच्या ऑफिसला पाठवणाऱ्या माणसाने नातीचा हुकूम निमूट पाळला.

पण तेजपूरचं खरं शिक्षण पावसाचं नव्हतं, विजेचं होतं. आणि तिथे चूक माझी झाली.

आसामात मार्च-एप्रिलमध्ये दुपार कलली की आभाळ पश्चिमेकडून काळं होत येतं. बंगालच्या उपसागराकडून आलेली दमट हवा खाली, कोरडी हवा वर, आणि तापलेली जमीन त्या दमट हवेला वर ढकलत असते. ढग बघता बघता उंच चढतात, दहा-बारा किलोमीटर आणि त्याहून वर. मग वारा असा सुटतो की पत्रे उडतात. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी त्या वादळाला बोरदोईसिला म्हणायच्या. त्यांच्या सांगण्याप्रमाणे ती एक सासुरवाशीण आहे. बिहूच्या आधी माहेरी जायला निघते, केस मोकळे सोडून, इतक्या घाईने की वाटेतली कुंपणं पाडत जाते. बिहू झाला की परत फिरते. माझ्या बायकोला ही गोष्ट फार आवडली. तिला त्या वर्षी माहेरी जाता आलं नव्हतं. वारा सुटला की ती म्हणायची, "निघाली बघ, हिला रिझर्व्हेशन लागत नाही."

अशाच एका संध्याकाळी मी ऑफिसमधून परतत होतो. आभाळ फाटल्यासारखं गडगडत होतं. क्वार्टर्सच्या मैदानात एक जुनं भलंमोठं शिरीष होतं आणि त्याच्याखाली पाच-सहा मुलं खोडाला टेकून मजेत उभी होती. त्यांत थोरली. मी जिप्सी थांबवली, सगळ्यांना आत कोंबलं, घरोघरी सोडलं. घरी आल्यावर तिला विचारलं, एवढ्या विजा चमकतायत, झाडाखाली कशाला उभी राहिलीस? तिला माझा चढलेला आवाज कळेना. म्हणाली, "म्हातारीच तर हरभरे भरडते. ती काय करणार?"

ढगात म्हातारी हरभरे भरडते हे तिला मी सांगितलं होतं. ती तीन वर्षांची असताना एका रात्री घाबरून माझ्या पांघरुणात शिरली होती, तेव्हा. मला माझ्या आजीने सांगितलं होतं, तसंच. त्या रात्री ते फार उपयोगी पडलं. ती पाच मिनिटांत झोपली.

त्या संध्याकाळी झाडावर वीज पडली नाही. काहीही झालं नाही. मला मात्र झोप आली नाही. जवानांना मी लाइटनिंग ड्रिल शिकवतो. उघड्यावर थांबू नका, झाडाखाली जाऊ नका, धातूच्या कुंपणाला टेकू नका, हे पाठ करून घेतो. आणि स्वतःच्या मुलीला झाडाखाली निर्धास्त उभी राहील असं शिकवून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दिवे घालवून अंधारात तिच्या अंगातला लोकरीचा स्वेटर काढला, तडतड आवाज आला, बारीक ठिणग्या दिसल्या. कंगवा केसांत घासून कागदाचे कपटे उचलले. मग सांगितलं, ढगात बर्फाचे कण असेच एकमेकांना घासत वर-खाली होतात आणि अशीच, पण अफाट मोठी ठिणगी पडते. तिच्या वाटेतली हवा क्षणात जवळजवळ तीस हजार अंश तापते, सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट. तापलेली हवा एकदम फुगते, तो गडगडाट. कागदी पिशवी फुगवून फोडली तसा. पिशवी फोडण्यात धाकट्याला इतका रस निर्माण झाला की घरातल्या वाणसामानाच्या सगळ्या पिशव्या संपल्या.

आणि मोजायला शिकवलं. उजेड लगेच पोचतो, आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. वीज दिसली की मोजायला लाग, आवाज आला की तीनने भाग. तिला भागाकार येत नव्हता, म्हणून आम्ही बोटं दुमडायचो, तीन मोजले की एक बोट. नियम एवढाच ठेवला: तीस मोजायच्या आत आवाज आला तर पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही. सहा वर्षांचं मूल नियम मोठ्यांपेक्षा कडक पाळतं. एकदा ऑफिसर्स मेसच्या लॉनवर चहापान चाललेलं असताना तिने ब्रिगेडियर साहेबांना मोठ्याने सांगितलं, "अंकल, सतरा आला. आत चला." साहेब कप घेऊन उठले. साहेब उठले म्हणून सगळे उठले.

तिने मला विचारलं होतं, "मग म्हातारी खोटी?" मी म्हटलं, गोष्टीतली आहे. तिने बराच वेळ विचार केला. "पण तू गोष्ट आहे असं सांगितलं नव्हतंस."

तेजपूरनंतर मला काश्मीरच्या उत्तरेकडे युनिट मिळालं आणि कुटुंब पुण्यात आलं, फॅमिली क्वार्टरमध्ये. जागेचं नाव लिहीत नाही. उंची बारा हजार फुटांच्या वर, हिवाळ्यात पाच महिने रस्ता बंद, एवढं पुरे. ऑक्टोबरमध्ये सुट्टीवर आलो तेव्हा मुलांसाठी हवेचा दाब मोजायचं यंत्र करायला घेतलं. काचेची बरणी, तोंडावर फुगा ताणून बांधलेला, फुग्याच्या मधोमध चिकटवलेली सरबताची कांडी, मागे पुठ्ठ्यावर खुणा. बाहेरचा दाब वाढला की फुगा आत दबतो, कांडीचं टोक वर जातं. दाब उतरला की उलट. मी छान भाषण दिलं. थोरली आता आठ वर्षांची होती, तिने चार दिवस नोंदी केल्या आणि पाचव्या दिवशी वही माझ्यासमोर ठेवली. कांडी रोज सकाळी वर, रोज दुपारी खाली. तिने बरणी उचलून खिडकीतल्या उन्हात ठेवली. कांडी खाली गेली. सावलीत आणली, वर आली. "बाबा, हे थर्मामीटर झालंय."

बरोबर होतं तिचं. बरणीतली हवा तापून फुगत होती, आणि बाहेरच्या दाबातला फरक त्यापुढे किरकोळ. पुस्तकात हे यंत्र सर्रास दिलेलं असतं, ही अडचण सांगायला विसरतात. आम्ही बरणी आतल्या खोलीतल्या कपाटात, जिथे दिवसभर तापमान फारसं हलत नाही, तिथे ठेवली. मग ती थोडीफार खरं बोलायला लागली.

त्याच सुट्टीत एका रविवारी शिवाजीनगरला सिमला ऑफिसची दगडी इमारत बाहेरून दाखवून आणली. पुण्यात जन्म गेलेल्यांनाही तो चौक सिमला ऑफिस का, हे माहीत नसतं. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून इथे आलं, नाव मागे राहिलं. मुख्यालय पुढे दिल्लीला गेलं तरी काम इथे चालूच आहे. थोरलीला अ‍ॅना मणींबद्दल सांगितलं. त्या केरळातल्या, जन्म १९१८. त्यांनी इथे पुण्यात हवामान मोजायची उपकरणं भारतातच बनावीत म्हणून काम केलं. थोरलीने विचारलं, "त्यांची बरणी बरोबर चालायची का?" धाकट्याला तिथे आईस्क्रीम मिळेल का, याशिवाय प्रश्न नव्हता.

मी परत गेलो आणि थोरलीने फ्रीजवर एक तक्ता लावला. हवामान खात्याचे इशारे चार रंगांचे असतात. हिरवा म्हणजे काही काळजी नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. रोज सकाळी ती तीन चौकोन रंगवायची. पुणे. आबा. बाबा. पहिल्या दोन चौकोनांचा रंग बातम्यांत आणि मोबाइलवर मिळायचा. तिसऱ्यासाठी ती फोनची वाट बघायची. "तिकडचा रंग कोणता?"

नोव्हेंबर सरेपर्यंत हे सोपं होतं. मग पश्चिमी विक्षोभ यायला लागले. भूमध्य समुद्राकडून निघालेल्या या प्रणाली इराण, अफगाणिस्तान ओलांडून आमच्या डोंगरांवर रिकाम्या होतात. जानेवारीत एक आला आणि तीन दिवस थांबला नाही. चौथ्या दिवशी सकाळी उठलो तर आभाळ निळंशार, ऊन लख्ख, सगळं चकाकतंय. अशा सकाळी नवीन जवानाला वाटतं, सुटलो. जुना माणूस बाहेर येतो, उताराकडे बघतो आणि चहा घेऊन आत जातो. आमचे सुभेदार मेजर साहेब एवढंच म्हणाले, "साहब, आज पहाड़ को मत छेड़ो." जुन्या बर्फावर भरपूर ताजा बर्फ पडला की पहिले एक-दोन दिवस सगळ्यात वाईट, आणि वरून ऊन पडलं तर आणखी. डीआरडीओच्या चंडीगडच्या संस्थेकडून एव्हलांचचा इशाराही आलेला होता. चार जण त्या दिवशी सुट्टीवर खाली उतरणार होते. त्यांतला एक बारा दिवसांपूर्वी बाप झाला होता, त्याने मुलगी फोटोतच पाहिली होती. मी सगळी हालचाल बंद केली. तो मला काही म्हणाला नाही. सॅल्यूट करून गेला, आणि पिठ्ठू मात्र त्याने सोडला नाही, तसाच भरलेला ठेवला.

संध्याकाळी फोन लागला. "बाबा, तिकडे ऊन आहे?" हो, छान ऊन आहे. "मग हिरवा?"

"हिरवा," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, जिथून ते चौघं गेले असते त्या नाल्यात वरून बर्फ उतरला. आवाज पोस्टपर्यंत आला. नाल्यात कोणी नव्हतं. तिसऱ्या दिवशी रस्ता तपासून चौघांना खाली पाठवलं.

मला वाटलं, विषय संपला. पण पुण्यात टीव्हीवर खाली पट्टी सरकत होती: उत्तर काश्मीरमध्ये हिमस्खलनाचा इशारा. थोरलीला आता पट्टी वाचता येत होती. पुढच्या फोनला ती आलीच नाही. बायको म्हणाली, ती बोलणार नाही म्हणते. मग मागून आवाज आला, फोनपासून लांब: "त्याला सांग, त्याने परत म्हातारीची गोष्ट सांगितली."

दोन दिवस मी यावर काय करावं याचा विचार केला. युनिट चालवताना इतका विचार करावा लागत नाही, तिथे कुठलं तरी पुस्तक असतं. तिसऱ्या दिवशी तिला फोनवर बोलावलं आणि सांगितलं, स्वयंपाकघरात जा. एक मोठं ताट घे. थोडं पाणी शिंपडून त्यावर मैदा पसर आणि थापून घट्ट कर, हा जुना बर्फ. त्यावर साखरेचा पातळ थर दे. त्यावर पुन्हा भरपूर मैदा, हाताने हलके दाबून. आता ताटाची एक बाजू हळूहळू वर उचल. मधली साखर म्हणजे जुन्या बर्फावर तयार झालेले सुटे, भुसभुशीत कण. वरचा थर त्यांच्यावर नुसता टेकलेला असतो. तीस ते पंचेचाळीस अंशांचा उतार सगळ्यात धोक्याचा, कारण त्याहून कमी असला तर बर्फ बसून राहतो आणि फार खडा असला तर मुळात साठतच नाही.

फोन ओट्यावर स्पीकरवर होता. मला ताट दिसत नव्हतं. धाकट्याचं "अजून वर, अजून वर" ऐकू येत होतं. मग धप्प असा आवाज आला आणि धाकट्याने टाळ्या वाजवल्या. थोरली काही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "एकदम सगळं आलं. आधी काहीच हललं नाही."

मी म्हटलं, त्या दिवशी नारिंगी होता. मी खोटं सांगितलं. नारिंगी होता म्हणून मी कोणालाच बाहेर जाऊ दिलं नव्हतं.

"तू पण नाही?"

मी पण नाही.

मग आमचा करार झाला. कुठे आहे, किती जण आहेत, कुठे जाणार, हे मी सांगणार नाही, तिने विचारायचं नाही. रंग मात्र खरा सांगायचा, आणि त्या रंगाला आम्ही काय केलं तेही. "पिवळा. दोरी बांधून गेलो." "नारिंगी. सगळे आत." हे मी उरलेला हिवाळा पाळलं. मार्चमध्ये दोन दिवस लाल होता, तोही सांगितला.

हा करार तिघांना परवडला नाही, हे मला सुट्टीवर आल्यावर कळलं. मैद्याचं ताट कललं तेव्हा बायको दारात उभी होती. ती काही न बोलता बाहेर गॅलरीत गेली होती, हे थोरलीने मला सांगितलं. बायकोला विचारलं तर म्हणाली, "तुम्ही दोघं रंग खेळता. ती चौकोन रंगवते, शाळेत जाते, रात्री झोपते. नारिंगी रंगाची रात्र मी काढते. आधी तू हिरवा म्हणायचास तेव्हा मला माहीत असायचं की हिरवा नसणार, पण मला तसं धरून चालता यायचं." मी म्हटलं, बंद करू का? ती म्हणाली, "आता कसं करणार? तिला कळतं." मग तिने फ्रीजवरचा तक्ता बघितला, कोपरा सुटला होता तो पुन्हा चिकटवला आणि पोळ्या लाटायला लागली.

जूनमध्ये पुण्यात होतो. मृग लागला होता, पाऊस अजून यायचा होता, पण संध्याकाळी वळवाचे ढग जमत होते. मी आत बॅग भरत होतो. गॅलरीत दोघं होती. वीज चमकली आणि धाकटा ओरडला, "ताई, काय आहे ते?"

"ढगात म्हातारी हरभरे भरडते," थोरली म्हणाली. मी बॅग भरता भरता थांबलो. "ही गोष्ट आहे हं. खरं नाही. आता मोज माझ्याबरोबर."

दोघांनी मोजलं. धाकट्याचं चारनंतर थेट सहा येतं.

"आठ," ती म्हणाली. "आत चल. बाबा, खिडकी लाव."